पास्त्याआधीचा ग्लास

३ जुलै, गुरुवार

आधी सगळ्यांची खुशाली. बायको नुंत्सिया कशी आहे? हाताची बोटं आणखी वाकडी झालीत, सुरी धरवत नाही, जीभ मात्र ठणठणीत! तिकडे बोलोन्याला असलेली लेक ओर्नेल्ला? बरी, फोनवर जरा खोकत होती. शेजारचा पास्क्वाले? कंबर धरलीय, तरी टोमॅटोत वाकलेलाच. मांजर? माझ्यापेक्षा बरं. आणि मी? जेवणानंतर दोन तासांनी साखर २३४.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मोतीबिंदू काढायचाय ना, कातेल्लोकाका? मग हा आकडा १८० च्या आत आणा. आठ ऑगस्टला वही घेऊन या. नाही जमलं, तर इन्सुलिन सुरू, आणि डोळा पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी! आत्ताच पावट्याएवढी अक्षरं काढतोय, तरी ओळ वाकडी जाते. पुढच्या वर्षी ही वही हाताने चाचपायची?

उपाय म्हणून त्यांनी एक डबा लिहून दिलाय. प्रोटीन पावडर. चीज केल्यावर जे पाणी उरतं, त्याची. पास्त्याच्या पाव तास आधी ग्लासभर पाण्यात ढवळून प्यायची. मग म्हणे पोट पास्त्याला हळूहळू पुढे सोडतं, साखर एकदम उसळत नाही. ते पाणी वर डोंगरात, आजेरोलाला, डुकरांना घालतात! असो. डोळ्यासाठी डुक्कर व्हायची तयारी आहे.

६ जुलै, रविवार

चव? भिंतीचा चुना, त्यात व्हॅनिला.

नुंत्सियाला त्या ग्लासाचा राग आलाय. साहजिक आहे. पन्नास वर्षं मी ग्रान्यानोच्या कारखान्यात पास्ता वाळवला, आणि जवळजवळ तेवढीच वर्षं ती मी खुर्चीवर टेकल्याशिवाय पास्ता पाण्यात सोडत नाही. आता मी टेकतो आणि ग्लास ढवळत बसतो.

"सोडू का?"

"थांब, पाव तास."

"पाणी आटलं माझं! मी जेवण करते की तुझ्या औषधाची राखण?"

दुपारी झोपून उठलो, नेहमीसारखा तिला पीच सोलून दिला, मग बोट टोचलं. २४१.

ग्लासाआधी २३४, ग्लासानंतर २४१! शाब्बास.

९ जुलै

२२८.

११ जुलै

२३९. पास्ता स्वतः तराजूत तोलला. ऐंशी ग्रॅम. नुंत्सिया बघत होती. "कबुतराला वाढतोयस का?" म्हणाली.

सकाळी उपाशीपोटी ११८ येते. म्हणजे साखर मोजायचं यंत्र शहाणं आहे. दुपारीच काय भूत शिरतं त्याच्यात?

१५ जुलै, मंगळवार

१५१! दोनदा चष्मा पुसला. १५१च! वेगळं काय केलं? तोच ग्लास, तोच पास्ता, तेच दोडके. फळवाला आला नाही म्हणून नुंत्सियाची दिवसभर कुरकुर, एवढंच वेगळं. बहुतेक पावडरीला अंगात भिनायला वेळ लागत असावा. आता उतरणार!

१६ जुलै

२३६. कसली उतरतेय.

२१ जुलै

दवाखान्यातल्या नर्सला फोन केला. "काका, टोचायच्या आधी हात धुता ना?" मी म्हटलं, "पोरी, पन्नास वर्षं या हातांनी पीठ आणि पाणी यांशिवाय कशाला शिवलो नाही. ग्रान्यानोत एवढे स्वच्छ हात कुणाचे नसतील!" ती हसली. हसण्यासारखं काय होतं त्यात?

२६ जुलै, शनिवार

आज सांतान्नाचा सण. नुंत्सिया सकाळीच वर आजेरोलाला बहिणीकडे गेली. मी एकटा. ग्लास प्यालो, ऐंशी ग्रॅम स्वतः शिजवला, तिने करून ठेवलेला सॉस घातला.

१४२.

मनात एक वाईट विचार आला. इथे लिहितो, तोंडाने बोलणार नाही.

२७ जुलै, रविवार

बोललो.

ती परत आली, जेवण केलं, दुपारी २३३. माझा तोल गेला. "तू त्यात काय घालतेस? मी तोलतो आणि माझी पाठ वळली की मूठभर वाढवतेस! त्या ग्लासाचा सूड घेतेस माझ्या डोळ्यावर!"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. एप्रन सोडला, घडी घातली, खुर्चीच्या पाठीवर ठेवला. "एकोणपन्नास वर्षं तुझ्या ताटात मी काय वाढलं, ते आज विचारतोस, कातेल्लो?" पिशवी भरली. चारच्या बसने पुन्हा वर गेली. मी दारात उभा. पास्क्वाले टोमॅटोतून बघत होता, त्याने मान खाली घातली.

२९ जुलै

१४४. ती नाही तर आकडा शहाण्यासारखा वागतो. म्हणजे माझं खरं होतं. खरं असूनही तिच्या खुर्चीकडे पाठ करून जेवलो.

३१ जुलै

आज खात्रीसाठी मुद्दाम ग्लास प्यालो नाही. बाकी सगळं तेच. १९८. म्हणजे त्या चुन्याच्या पाण्यात दम आहे! डॉक्टरीणबाई खरं बोलत होत्या.

मग ती घरात असताना तो ग्लास का चालत नव्हता? उत्तर एकच. आणि ते मला नकोय.

२ ऑगस्ट

ग्लास पुन्हा सुरू. १४१. रोज फोन करतो. तिची बहीण उचलते. "नुंत्सिया गाईकडे आहे." त्या घरात गाय जाऊन वीस वर्षं झाली.

५ ऑगस्ट, मंगळवार

फळवाल्याने न विचारता पीच ठेवून दिले. रोजचं गिऱ्हाईक ना. झोपून उठलो, डोळ्यांवर झापड होती. एक पीच घेतला, सोलला, सहा फोडी केल्या, तिच्या बशीत मांडल्या. बशी तिच्या खुर्चीपुढे सरकवली आणि मग आठवलं, खुर्ची रिकामी आहे.

एक फोडसुद्धा तोंडात घातली नाही. हात पँटला पुसले, बोट टोचलं.

२३८.

कसे? पोटात तोच ग्लास, तोच ऐंशी ग्रॅम. माझाच तराजू, माझंच भांडं. घरात दुसरं कुणी नाही, भांडायलाही नाही!

मग बोटांकडे बघितलं. बघितलं कसलं, मला दिसतंय कुठे? अंगठा बोटाला लावला. चिकटला.

उठलो. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. पुन्हा टोचलं.

१३९.

नर्स का हसली, ते आता कळलं. साखर रक्तात नव्हतीच. पिचाचा रस होता, बोटांवरचा. तिच्यासाठी सोललेल्या पिचाचा. आणि त्याचा आळ मी तिच्यावरच घातला.

६ ऑगस्ट

सकाळच्या बसवाल्याकडे टोपली दिली, नऊ पीच, न सोललेले. सोबत चिठ्ठी. तिला वाचता यावी म्हणून नव्हे, मला लिहिता यावी म्हणून मोठ्या अक्षरांत:

"नुंत्सिया, साखर तुझ्या हाताने वाढली नव्हती. ती माझ्याच हाताला लागलेली होती, पिचाची. परवा डॉक्टरीणबाईंकडे जायचंय, वहीतला कुठला आकडा खरा ते सांगायला तू बरोबर हवीस. पीच खाऊ नकोस, सुरीने हात कापून घेशील. मी सोलीन, मग हात धुवीन. हाच बसवाला संध्याकाळी खाली येतो. त्याच्याबरोबर उत्तर धाड, नाहीतर तूच ये."