मालकासमोर मोडायची चावी

८ जाने.
माझ्या मशीननं फोटोवरून कापलेल्या चावीचा तिसरा दात पुन्हा खोल. अर्धा मिलिमीटर. फोटोत बरोबर, पितळेवर चूक. मशीनला बसवलेली जुन्या प्रिंटरची मोटार थरथरते, दुसरं काही नाही. खाली रबर घातलं. लोह्याहून एक जण मोटारसायकलची चावी हरवून आला होता, त्याला तासभर बसवून मी मशीनमध्येच. अब्बा म्हणाले, गिऱ्हाईक देव असतं म्हणतात, तू त्याची मूर्तीच करून ठेवलीस.

११ जाने.
लातूरला जाऊन आलो. अहमदपूरला बस बराच वेळ थांबली, खाली उतरलो नाही, मशीन मांडीवर. मशीन घेऊ म्हणणारे तिथले शेठ, त्यांची हार्डवेअरची तीन दुकानं. मोबाइलच्या फोटोवरून चावी कापलेली बघून खूश, पण माणूस पक्का. म्हणाले, या चाव्या तुमच्या दुकानातल्या, हाताला पाठ. "जी चावी तुम्ही कधी हातात घेतली न्हाई, ती निस्त्या फोटोवरून करा. कुलूप उघडलं तर मशीन माझ्या तिन्ही दुकानांत."
बरोबर आहे त्यांचं. रबरानं दात सुधारला, आता एवढंच राहिलं. पण न धरलेली चावी आणायची कुठून?

१४ जाने. संक्रांत.
शेजारचे गोविंदमामा (बी-बियाण्याचं दुकान) अब्बांना तिळगूळ द्यायला आले. चहा झाला. नेहमीसारखा दुकानाच्या चाव्यांचा जुडगा माझ्या टेबलावर टाकला. पडला तो नेमका स्टीलच्या पट्टीशेजारी, म्हणजे मापाचीही सोय. मोबाइल हातातच होता.
फोटो काढला.
विचारायला काय झालं होतं? विचारलं असतं तर त्यांनी चावी काढून हातात दिली असती, आणि हातात आली की परीक्षा संपली. हे कारण खरं आहे. तरी…

१५ जाने.
कापली. कानस लावली नाही. मामा दुपारी घरी जेवायला जातात तेव्हा त्यांच्या शटरपाशी गेलो. कुलूप एका झटक्यात उघडलं. लगेच लावलं. समोरच्या चहावाल्यानं पाहिलं आणि चहा गाळत राहिला. चावीवाला कुलपापाशी उभा, त्यात नवल ते काय.
आनंद झाला, खोटं कशाला लिहू. चार वर्षांचं काम. दुकानात आल्यावर चावी खिशातच ठेवली.

१६ जाने.
अब्बांचा नियम: जादा झालेली, बिघडलेली चावी भंगारात जात नाही. शिकंज्यात धरून मालकासमोर मोडायची, तुकडे त्याच्या हातात द्यायचे. हल्ली हात थरथरतात, तरी हे काम ते मला देत नाहीत.
मामांची ती चावी मी गुपचूप मोडायला गेलो. अब्बांनी बघितलं. म्हटलं, चुकलेली आहे.
"मालक कुठं हाय?"
चावी परत खिशात.

१८ जाने.
शेठचा फोन. उघडलं, असं सांगितलं. परवा या, कागद करू म्हणाले. कुलूप कुणाचं, ते त्यांनी विचारलंच नाही. तेच डोक्यात बसलंय. जेवण गेलं नाही.

१९ जाने.
सांगून टाकलं. मामांच्या गल्ल्यावर चावी ठेवली. फोटोवरून केली, एकदाच उघडलं, आत पाय टाकला नाही. घोकून गेलो होतो तरी अडखळलो.
मामांनी चावी उचलून उलटसुलट बघितली. "मागितली असती तर दिली नसती का रे मी?"
मग आमच्या दुकानात आले. अब्बांनी मोडली. दोनदा निसटली, तरी स्वतःच. तुकडे मामांच्या हातावर ठेवले, माफी अब्बांनीच मागितली. माझ्याकडे बघितलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२० जाने.
मामांच्या शटरला नवीन कुलूप. आमच्याकडून घेतलेलं नाही.
लातूरला गेलो नाही. मला ताप आलाय, असं शेठना सांगितलं.

२२ जाने.
खरी चावी आत बसवल्याशिवाय मशीन चालूच होणार नाही, असं केलं तर? मग फोटो कशाला. मग मशीन तरी कशाला, अब्बांची कानस काय वाईट होती. मशीन दोनदा उघडलं, दोनदा परत जोडलं.
चार वाजता मामा चहाला आले. मला वाटलं होतं, येणार नाहीत. अब्बांशी कंधारच्या पाहुण्यांचं बोलले, हसले, माझ्याही पाठीवर थाप मारली. पण जुडगा टेबलावर टाकला नाही. चहा संपेपर्यंत डावा हात सदऱ्याच्या खिशावर होता. त्यांना स्वतःला कळलं नसावं.
कप विसळून ठेवले. शेठचा फोन वाजून राहिलाय, तिसऱ्यांदा. मोबाइल मशीनच्या बाजूलाच पडलाय.