सुरिनामचा बोआ

रविवार, संध्याकाळ

साप पाळणारा माझा मित्र समीर आज घरी आला आणि आमच्या बोआ सापाची शेपटी बघून हसलाच. "हा सुरिनामचा? कोण बोलला तुला? शेपटी बघ, विटकरी आहे. तिकडच्यांची लालभडक असते. क्रॉस आहे यार, इथेच कुणाच्या तरी घरी जन्मला असेल."

राग आला. सुरिनामचा म्हणून विकणाऱ्या दुकानदाराचा नाही, समीरचा. का, कोण जाणे.

अण्णा आठवले. माझे वडील, साताऱ्याहून मार्केटात हमालीला आलेले. घरात कुणीही नवीन आलं की त्यांचा पहिला प्रश्न गावाचा. बोआलाही विचारलं होतं, "कंच्या गावचा रं तू?" दुकानदाराने सांगितलेलंच मी सांगितलं, सुरिनाम, समुद्रापलीकडे. "लय लांबनं आलास की," म्हणत त्यांनी त्या शेपटीवरून हात फिरवला. मग वारेपर्यंत रोज फिरवायचे.

विटकरी तर विटकरी. माझा तरी जन्म कुठला? इथल्याच बोनकोड्याचा. सातारा मी सुट्टीपुरता पाहिलेला. पण कुणी माझं गाव विचारलं की मी तोंड उघडायच्या आत अण्णा सांगून मोकळे, "सातारा."

आता ह्याचं गाव कुणी विचारलं, तर समीरने तोंड उघडायच्या आत मीच सांगणार. सुरिनाम.