पाच फुटांची दोरी

शनवारा, बऱ्हाणपूर
१० फेब्रुवारी २०२५

ती. स्व. सुधाकरकाकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून हे पत्र चंदन कंडक्टरच्या बसने पाठवते आहे. उत्तर त्याच्याच हाती द्यावं.

कालची चाचणी फसली. कपाशीची पऱ्हाटी उपटलेल्या तुमच्या रानात मी गुरुवारी चोवीस बांबू रोवून त्यांवर अँटेना बसवल्या, ते तुम्ही पाहिलंत. रविवारी सकाळी एक छोटा उपग्रह डोक्यावरून जाणार होता. माझ्या मांडणीला फक्त डोक्यावरचं ऐकू येतं, बाजूचं नाही, एवढंच दाखवायचं होतं. उपग्रह एक होता. आलेखात तीन उमटले. एक खरा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन खोटे, जवळपास तितकेच ठळक.

इंदूरच्या आमच्या कंपनीतले रितेश सर सहा महिने सांगत आहेत की अँटेना कमी लावायच्या तर लाव, पण सारख्या अंतरावर लाव. असली विस्कटलेली मांडणी गिऱ्हाइकाला दाखवायची लाज वाटते. मी ऐकलं नाही, म्हणून मला ही एक चाचणी मिळाली. २१ तारखेला गिऱ्हाईक येतंय. त्या दिवशी सर स्वतःची मांडणी दाखवणार आणि माझं तीन वर्षांचं काम बंद होणार.

आता मुद्दा. खोटे उपग्रह डोक्यापासून साडेएकोणतीस अंशांवर दिसले. लहरीची लांबी पाऊण मीटर. उलट गणित केलं तर दोन अँटेनांमधलं अंतर एक मीटर बावन्न सेंटीमीटर येतं, म्हणजे पाच फूट, आणि सगळीकडे तेवढंच. माझ्या नकाशात कोणतंच अंतर दोनदा येत नाही. पाच फुटांवर काय लावतात, हे मला ठाऊक आहे.

आईच्या डोळ्यांच्या तपासणीची तारीख होती म्हणून मी शुक्रवारी निघाले आणि घरी बसून संगणकावर नोंद घेतली. शेतात आले नाही, ही चूक माझी. पण काका, माझे बांबू केळीसारखे कोणी लावले?

लोभ आहे तेवढा राहू द्यावा.

तृप्ती

---

तुकईथड
११ फेब्रुवारी

चि. तृप्तीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग घाम फुटला. आकाशातल्या आकड्यावरून शेतात पडलेली दोरी ओळखणारी पोरगी आपल्या घरात आहे, याचं हसू. दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं, याचा घाम.

तू गेलीस आणि शेजारचा लोटू बांधावर येऊन उभा राहिला. विचारू लागला की सुधाकरभाऊ, औंदा लागवड बैलानं केली का. तुला माहीत आहे, तीस वर्षं आपल्या केळीची दोरी मालूबाई धरते. तिच्या ओळीत वाकडं रोप मी पाहिलेलं नाही. तिला ते बोलणं झोंबलं. शिवाय तुझ्या तळहातावरचे फोड तिनं पाहिले होते. पोरीला जमलं नाही, एकटीनं मरमर केली, कुठं दाटी झाली तर कुठं जागा रिकामी राहून नांग्या पडल्या, आपण नीट करून देऊ, असं ती म्हणाली. मलाही पटलं. अठ्ठावीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली त्याचं हे फळ. पहिला बांबू हलवला नाही, शेवटचा वीतभर सरकला, मधले बावीस दोरीच्या पाच-पाच फुटांच्या गाठींवर आणले. बघून इतकं बरं वाटलं की आम्ही चहा घेतला.

तू काहीच सांगितलं नव्हतंस, बेटा. लहानपणापासून तुझं तेच. परीक्षेचा निकालसुद्धा आम्हाला शेजाऱ्यांकडून कळायचा.

तुझ्या सरांना मी लिहून देतो की चूक आमची. मालूबाई कालपासून नीट जेवलेली नाही. आणि राग मानू नकोस, पण ते म्हणतात तशी सरळ लावून टाकलीस तर काय बिघडतं? नोकरी चांगली आहे.

आहे ते प्रेम गोड मानून घे.

तुझा काका

---

शनवारा
१२ फेब्रुवारी

ती. स्व. काकांस सा. न. वि. वि.

माफीचं पत्र लिहू नका. मालूबाईंना जेवायला सांगा. त्यांनी काही बिघडवलेलं नाही.

मी सांगितलं नव्हतं, हे खरं. आता सांगते. तेवढ्या लांबीच्या ओळीत नेहमीच्या पद्धतीने नव्वदच्या वर अँटेना लागतात. मी चोवीसच वापरते. चोवीस सारख्या अंतरावर लावल्या, की चुकीच्या दिशेने येणारी लहरसुद्धा सगळ्या बांबूंवर एकाच तालात पोचते आणि खरी वाटते. अंतरं विषम ठेवली, की तिचा ताल जमत नाही, ती विरून जाते. त्या नांग्या पडलेल्या नव्हत्या, पाडलेल्या होत्या. एकेका नांगीसाठी मी आठवडे घालवले आहेत.

तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर लक्षात आलं की तुम्ही दोघांनी जे केलं तेच सर सहा महिने मागत आहेत. चोवीस अँटेना, सारखं अंतर. म्हणजे रविवारी माझी मांडणी फसली नाही. त्यांची फसली.

सरळ लावून काय बिघडतं, हे तुम्ही विचारलंत. एकाचे तीन होतात, ते बिघडतं.

मी उद्या येते. तोवर बांबूंना कोणी हात लावायचा नाही. आधी आहेत तसे टेपने मोजायचे. मग माझ्या नकाशाप्रमाणे परत रोवायचे, आणि या वेळी दोरी मालूबाईंनीच धरायची. शनिवारी तोच उपग्रह पुन्हा डोक्यावरून जातो.

कृपादृष्टी असावी, पण बांबूंवर नसावी.

तृप्ती

---

इंदूर
१७ फेब्रुवारी

ती. स्व. काकांस सा. न. वि. वि.

हे पत्र आईकडून चंदनच्या हाती येईल. तुम्ही निकाल पाहिलात, तरी मालूबाईंना पुन्हा सांगा: एकच शिखर, डोक्यावर. बाजूंना नुसतं खुरटं गवत.

अहवालात मी दोन आलेख एकाच पानावर छापले. तेच बांबू, त्याच अँटेना, तोच उपग्रह, फक्त अंतरं वेगळी. पहिल्याखाली लिहिलं: समान अंतर, पाच फूट, आखणी मालूबाई, तुकईथड. दुसऱ्याखाली: विषम अंतर, आखणी त्यांचीच. बांबू मोजले तेव्हा सगळ्यात मोठी चूक बोटभर निघाली. कामाखाली करणाऱ्याचं नाव असतं.

सरांनी आज बोलावून सांगितलं की हे पान काढ. समान अंतराची गोष्ट त्यांची होती हे कंपनीत सगळ्यांना माहीत आहे, आणि अहवालात शेतमजूर बाईचं नाव हास्यास्पद दिसतं. दुसरा आलेख एकटा ठेवला तर माझी मांडणी दाखवायला ते तयार आहेत. पान ठेवलं तर पुढच्या प्रकल्पात मी नाही.

पण एकट्या आलेखाने काहीच सिद्ध होत नाही. आधीचा बघितल्याशिवाय नांग्या कशाला, हे कोणालाही कळणार नाही. पुढच्या खेपेला कोणीतरी दोरी घेऊन त्या भरेलच.

मी नाही म्हणाले. तुम्हाला आधी कळावं म्हणून लिहिलं. हे मी पहिल्यांदाच करते आहे.

तृप्तीचा नमस्कार

---

तुकईथड
१९ फेब्रुवारी

चि. तृप्तीस आशीर्वाद.

मी काका आहे, म्हणून मनात आलं ते लिहितो. नाव काढ, पान ठेव. मधला रस्ता असतो. नाव गेल्यानं मालूबाईचं काय अडणार, असं मला वाटलं, म्हणून तिलाच विचारायला गेलो.

ती विळा घासत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की माझी दोरी सरळ होती, त्या साहेबाला सांगा; वाकडं काही असेल तर ते दुसरीकडं आहे. एवढं बोलून पुन्हा घासायला लागली.

मधला रस्ता मी मागे घेतो. धीर धर, आणि जेवत जा.

काका

---

इंदूर
२२ फेब्रुवारी

ती. स्व. काकांस सा. न. वि. वि.

काल सरांनी पडद्यावर दाखवायच्या अहवालातून ते पान काढून टाकलं होतं. मला अंदाज होता. मी आठ प्रती छापून नेल्या होत्या. त्यांचं बोलणं संपल्यावर उठले आणि प्रत्येकासमोर एक ठेवली.

गिऱ्हाइकाकडच्या वयस्कर बाईंनी पान बराच वेळ पाहिलं. मग विचारलं की हे पहिलं तुम्ही मुद्दाम करून पाहिलंत का. हो म्हणणं सोपं होतं. मी खरं सांगितलं, दोरी, गाठी, लोटू, चहा, सगळं. कोणी हसलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या की समान अंतराचा प्रश्न मिटला.

गिऱ्हाइकाचं उपग्रह टिपणारं एक केंद्र माझ्या मांडणीने उभं राहणार. पुढच्या प्रकल्पाच्या यादीत माझं नाव नाही; ती यादी आज सकाळी लागली. लागू दे. केंद्राच्या नकाशावर आहे.

सोबत तीच एक प्रत आहे. मालूबाईंना द्यावी. तुमच्याकडे माझा एक कप चहा बाकी आहे, तो घ्यायला येईन.

तृप्ती

---

तुकईथड
२५ फेब्रुवारी

चि. तृप्तीस आशीर्वाद.

प्रत पोचली. मालूबाईनं स्वतःचं नाव बोटानं शोधलं, दोन ठिकाणी. मग कागद घडी घालून दोरीच्या पिशवीत ठेवला.

तुझे बांबू अजून उभे आहेत. काल लोटू पुन्हा बांधावर आला आणि विचारू लागला की या नांग्या भरणार कधी. मी काही बोलायच्या आत मालूबाईनं त्याला सांगितलं की त्या मोजून ठेवलेल्या आहेत, एकीलाही हात लावायचा नाही. आणि ज्याला सरळ ओळ बघायची हौस आहे, त्यानं आपल्या शेतात जाऊन बघावी.

चहा उकळतोय. ये.

काका