जोडीतली एक पिवळी खुर्ची

आदरणीय लोरेन मावशीस,

बर्फात कमरेपर्यंत रुतलेल्या तुझ्या भाच्याचा, थॅडीचा, शिकागोहून नमस्कार. ॲरिझोनाच्या उन्हात तुझे गुडघे कुरकुरायचे थांबले असतील. माझी प्रकृती ठणठणीत आहे, फक्त जेवण जात नाही, झोप लागत नाही आणि एका जागी बसवत नाही. (हे पत्रसुद्धा तीनदा उठून, खिडकीशी जाऊन, परत येऊन लिहितोय.) तेव्हा आधी मुद्द्याचं सांगतो. मी हे शहर कायमचं सोडून तुझ्याकडे येतोय. बसचं तिकीट पाठव. कॉलेज सोडलं तेव्हा आईने जे ऐकवलं ते तू ऐकवू नयेस, एवढीच अट.

कारण इनेस. मूळची चौकापलीकडचीच, गेल्या महिन्यात आमच्या समोरच्या इमारतीत एकटी राहायला आली. बेकरीत कामाला आहे, पहाटे जाते, दुपारी दोनला परतते. सोमवारी ती गेल्यावर ढोपरभर बर्फ पडला. मी (टायरच्या दुकानातल्या मालकाला जे बोललो त्यामुळे सध्या घरीच असतो) फावडं घेतलं आणि तीन तास खपून तिच्या दारासमोर तिच्या गाडीपुरती जागा उपसली. मग ती कोणी बळकावू नये म्हणून, आपल्या गल्लीत सगळेच करतात तसं, मधोमध खुर्ची ठेवली. तळघरात तुझं सामान आहे ना, त्यातल्या तुझ्या लग्नातल्या पिवळ्या खुर्च्यांपैकी एक. (जोडी फोडायची नाही असं तू बजावलं होतंस, ठाऊक आहे, रागावू नकोस, पुढे आणखी आहे.) चिठ्ठी लावली नाही. प्रेमात चिठ्ठी कसली? हल्ली जो तो फोनवर बोटं आपटून लाल बदाम पाठवतो, पण कोणासाठी हातात फावडं कोण धरतो? म्हटलं, तिला आपोआप कळेल.

दोन वाजता ती आली. खुर्ची पाहिली, गाडी हळू केली आणि चक्क निघून गेली! सहा गल्ल्या पलीकडे गाडी लावून, पावाची पिशवी छातीशी धरून, बर्फातून धडपडत परतली. मंगळवारी तेच. बुधवारी तेच, वर खुर्चीकडे बघून काहीतरी पुटपुटली. मावशी, नकार द्यायची ही कुठली रीत? मी येरझाऱ्या घालून घालून खालच्या मजल्यावरच्या वोझ्निआक काकांचं छत हलवलं. (घरमालक आहेत म्हणून काय झालं!) ते जिना चढून आले नि म्हणाले, "अरे घोड्या, चालायचंच असेल तर रस्त्यावर चाल, बर्फ तरी दबेल!"

आज, गुरुवारी, माझं डोकं सटकलं. चपलेतच खाली धावलो, तिच्या गाडीपुढे उभा राहून ओरडलो, "माझी जागा एवढी वाईट आहे का?"

काच खाली झाली. "ती खुर्ची तुझी?"

"हो, माझीच!"

"चार दिवस मी त्या खुर्चीच्या मालकाला शिव्या घालतेय! माझ्याच दारासमोर जागा अडवणारा हा कोण नालायक म्हणून!"

"अगं, तुझ्यासाठीच अडवली होती!"

"मग सांगायला तोंड नव्हतं? दुसऱ्याच्या खुर्चीला हात लावायला मी काय परगावची आहे?"

मावशी, खरं आहे. या गल्लीत दुसऱ्याची बायको पळवलेली एक वेळ खपेल, दुसऱ्याची खुर्ची हलवलेली नाही. जन्म इथे काढून मला हे सुचलं नाही. तिने उतरून खुर्ची उचलली, गाडी लावली, म्हणाली, "पायपिटीचा दंड!" आणि खुर्ची काखोटीला मारून वर गेली. दार आपटलं. संपलं सगळं. तिकीट लवकर पाठव.

तुझा गारठलेला भाचा,
थॅडी

ता. क. – तिकीट काढलं नसशील तर जरा थांब. पाकीट चिकटवणार तेवढ्यात खालून हाक आली, "ए खुर्चीवाल्या! पुढच्या रविवारी कॉफीला ये. पण माझ्या घरी आता ही एकच खुर्ची आहे, तिच्यावर मी बसणार. तुला बसायचं तर आपली आण."

ता. ता. क. – वोझ्निआक काका म्हणतात, तुझ्या परवानगीशिवाय तळघरातून आता चमचासुद्धा बाहेर जाणार नाही. पत्र मिळताच त्यांना फोन कर आणि दुसरी पिवळी खुर्ची मला द्यायला सांग. जोडी फोडायची नाही, हे तूच बजावलं होतंस.