घेतलं तिथं ठेवावं

रविवार, २ जुलै

पोचले एकदाची! मस्कतला आई उन्हानं करपत बसली आहे आणि मी इथे सलालात, भर जुलैत, शाल पांघरून लिहिते आहे. धुकं खिडकीशी येऊन उभं राहतं. समोरच्या उतारावर दुबईहून आलेली कुटुंबं भुरभुरत्या पावसात चटया टाकून मांस भाजत बसलीत.

वन्यप्राण्यांच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. रय्या. पन्नाशीच्या, आवाज दणदणीत. सलाम होतो न होतो तोच म्हणाल्या, आ कर. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली. इथे काम करणाऱ्या प्रत्येकाचा डीएनए ‘घरच्यांच्या यादीत’ ठेवतात. कुणाचा केस, कुणाची थुंकी नमुन्यात पडली तर चोर घरातच सापडतो. मी नऊ नंबर. आठवा गेल्या वर्षीचा विद्यार्थी, यारुब. तो आता कुठे असतो, असं विचारलं तर म्हणाल्या, अर्ध्यात सोडून गेला, आजकालच्या मुलांना धीर कुठला!

मला मात्र आहे. एका माणसाकडे बिबळ्याचं कातडं सापडलं, त्याच्यावर खटला आहे. ते कातडं इथल्याच डोंगरातल्या बिबळ्याचं, हे सिद्ध करायचं. त्यासाठी डोंगरातून आणलेल्या विष्ठेशी ते ताडून बघायचं. सहा आठवडे नीट काढले की दाखला, आणि दाखला मिळाला की इथेच नोकरीची आशा. आईला सांगून आलेय, हात हलवत परत येणार नाही.

बुधवार, ५ जुलै

आज मुसल्लमकाका भेटले. साठीचे, जन्मभर शेळ्या राखल्या, आता वनरक्षक. विष्ठेच्या पिशव्या डोंगरातून तेच आणतात. मला बघून म्हणाले, मस्कतच्या पोरी एवढं शिकतात ते शी हुंगायला होय गं? मी म्हटलं, हुंगते मी, पण वेचता तर तुम्हीच ना काका! पोट धरून हसले.

चहा पिताना त्यांनी आपल्या घरची रीत सांगितली. बिबळ्याच्या वाटेवरून काहीही उचललं, अगदी त्याची विष्ठा जरी, तरी तिथे बदली काहीतरी ठेवायचं. उंटाच्या सुक्या मांसाचा तुकडा, वर चिमूटभर मीठ. मीठ टाकलं की त्याला कळतं, हे आपल्यासाठी आहे. घेतलं तिथं ठेवावं, नाहीतर तो स्वतः घ्यायला येतो. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी ते बंद पाडलं. पुराव्याच्या जागी मांस टाकता, अक्कल गहाण टाकलीत का, म्हणून झापलं म्हणे. सांगताना काका हसत होते, पण नजर खिडकीबाहेर डोंगराकडे होती.

पिशवीवर ‘गोळा करणाऱ्या’नंच सही करायची असा नियम आहे. काका म्हणाले, माझे डोळे अधू, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तूच कर, यारुबही करायचा. माझं अक्षर सुरेख आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. बावीस ते एकतीस, दहा पिशव्यांवर सह्या ठोकल्या, सील लावलं, कपाटाला कुलूप. एवढ्यानं काय आभाळ कोसळतंय!

शुक्रवार, ७ जुलै

सुट्टी. घरमालकीणबाईंनी केसांना मेंदी लावून दिली. जन्मात पहिल्यांदा. आईला फोटो पाठवला, ती म्हणाली, अगदी नवरी दिसतेस.

मंगळवार, ११ जुलै

कातडं आणि विष्ठा जुळली. मी टाळी वाजवली, तर डॉक्टरांचं तोंड काळवंडलेलं. नुसता इथलाच बिबळ्या नव्हे, अगदी तोच निघाला. ज्याचं कातडं दोन वर्षं आमच्या कपाटात आहे, त्याची ताजी विष्ठा.

डॉक्टरांनी विचारलं, या पिशव्या तू स्वतः वेचल्यास ना? सही तुझी आहे. खरं सांगितलं असतं तर खोटी सही केली म्हणून त्याच दिवशी मस्कतचं विमान. मी हो म्हणाले. मग म्हणाल्या, जुन्या नमुन्यांशी सरमिसळ झाली असणार, पुन्हा बघू.

खोटं बोलले. जेवण गेलं नाही.

रविवार, १६ जुलै

एकतीस नंबरची पिशवी आज माझ्यासमोर उघडली. त्याचं भक्ष्य काय ते बघायचं होतं. बावीस ते तीस सगळीकडे शेळी, साळिंदर, तितर. एकतिसात माणूस. यादीशी ताडून पाहिलं.

नऊ नंबर.

डॉक्टर खेकसल्या, हातमोजे घालायची अक्कल नाही का, तुझाच केस पडलाय. मी मान खाली घातली. पण केस वर पडलेला नव्हता. सुकलेल्या विष्ठेच्या आत होता, आणि एक नव्हे, झुपकाच. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पोटातल्या आम्लानं झिजलेला. खाऊन पचवलेला.

आणि टोकापर्यंत मेंदीचा लाल रंग.

पिशवी पाच तारखेला सीलबंद झाली. मेंदी मी सात तारखेला लावली. दहादा तारखा मोजल्या.

सोमवार, १७ जुलै

गेल्या वर्षीच्या नोंदी काढल्या. पिशवी सतरा. गोळा करणारा: यारुब. भक्ष्य: माणूस, आठ नंबर. शेरा: ‘विद्यार्थ्याचा निष्काळजीपणा’. खाली डॉक्टरांची सही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी त्याचं नाव हजेरीतून गेलंय.

मंगळवार, १८ जुलै

यारुबच्या आईचा नंबर मिळवला. तो सोडून गेला नाही. घरी आलाच नाही. गाडी डोंगरात कड्याजवळ सापडली, दार उघडं. पोलीस म्हणाले, धुक्यात पाय घसरला असेल. माय रडत नव्हती. तिनं एवढंच विचारलं, बाळा, तुला तो दिसला का कुठे?

डॉक्टरांना जाब विचारला. म्हणाल्या, मुलं घाबरून पळू नयेत म्हणून सांगत नाही.

मला घरी जायचंय. दाखला गेला खड्ड्यात. आजची विमानं धुक्यामुळे रद्द, उद्याचीही.

बुधवार, १९ जुलै

काकांना गाठलं. आधी नाही-नाही म्हणाले. मग बोलले. चाळीस वर्षं मीठ ठेवलं गं, डॉक्टरांनी ते बंद पाडलं. उचलणारे हात माझे, म्हणजे येणार तो माझ्याकडे. म्हटलं, कागदावर दुसऱ्याचं नाव असलं तर तो त्याच्याकडे जाईल. आणि गेला. यारुबनंतर वर्षभर शांत होता.

मी त्यांच्या अंगावर ओरडले. नंतर त्यांचेच पाय धरले. वाचायची काही वाट आहे का विचारलं. म्हणाले, आहे. जिथून उचललं तिथं नेऊन ठेवायचं. उद्या सकाळी तुला नेतो.

पिशवी चोरावी लागणार. चोरीन.

गुरुवार, २० जुलै, सकाळचे दहा

गाडीत आहे. पिशवी मांडीवर. बोनेटपलीकडे काही दिसत नाही, नुसतं पांढरं.

काका जागा बघायला उतरलेत. पाच मिनिटांत येतो म्हणाले.

पंधरा झाली. किल्ली घेऊन गेलेत.

लिहीत राहिलं की भीती कमी वाटते. पिशवी ठेवायची, सुकं मांस ठेवायचं, वर मीठ, की संपलं. सगळं मागे ठेवलंय असं काका म्हणाले होते—

मागे बघितलं. मांस नाही. मागे काहीच नाही.

माझ्या बाजूचं दार उघडं आहे. मी उघडलं नव्हतं. जाताना काकांनी—

हाक मारली. ओ नाही. बाहेर गवत ओलं आहे, तरी पावलं ऐकू येतात. जड. काकांची नाहीत.

निघताना काकांनी मूठभर मीठ माझ्या डोक्यावरून, खांद्यांवरून टाकलं. दृष्ट लागू नये म्हणून, असं म्हणाले. नजर मात्र वर उचलली नाही. मी थँक्यू म्हणाले त्यांना. केसांत अजून खडे आहेत, हाताला लागतायत—

मीठ टाकलं की त्याला कळतं, हे आपल्या