टेकडीवरच्या सहलीचा खरा वृत्तान्त

दि. ४ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या आग्रहाखातर काल साहेबला घेऊन तुझ्या आईच्या श्वानमंडळाबरोबर टेकडीवर जाऊन आलो. अकरा माणसे, नऊ कुत्री. तेथे माणसांना स्वतःची नावे नसतात. मला दिवसभर ‘साहेबचे बाबा’ असे संबोधण्यात आले. वर कुत्री मोकळी सोडून सर्वांनी चादरीवर पाव व उकडलेली अंडी खाल्ली. दृश्य रमणीय होते. साहेबचे वर्तन समाधानकारक.

मात्र तुझी आई गेल्यावर त्याची निगा माझ्याच्याने होणे नाही. मंडळातील दंतवैद्यबाई महिनाअखेरीस त्याला नेतील. त्यांच्याकडे अंगण आहे.

प्रकृतीस जपावे, ही इच्छा.

तुझे बाबा

दि. ९ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पत्र मिळाले. बैठकीचे इतिवृत्त वाचल्यासारखे वाटले. मंडळातल्या शिंपीणमावशींचा फोन आला होता. तुम्ही साहेबला पट्ट्याने मारलेत, असे त्या म्हणाल्या. त्यांना राग नव्हता, तुमचीच काळजी होती. बाबा, दादाने आणि मी काचेचे कपाट फोडले, तेव्हाही तुम्ही हात उचलला नव्हता.

आणि अंगणाचे कारण मला सांगू नका. साहेबला सोफ्याखेरीज दुसरे काही चालत नाही. लाज वाटते म्हणून त्याला घराबाहेर काढत असाल, तर तसे लिहा.

माया असू द्यावी.

तुमची धाकटी

दि. १४ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

ऐकलेस ते खरे आहे. मागील पत्रात मी ते लपवले.

निघताना प्रत्येकाने आपापल्या कुत्र्याला हाक मारायची, असा मंडळाचा शिरस्ता आहे. आठ कुत्री आली. साहेब चढणीच्या वाटेकडे तोंड करून बसून राहिला. मी सहा हाका मारल्या. तेव्हा शिंपीणबाई हळूच म्हणाल्या, की तुझी आई शेवटी शेवटी धापा टाकत सर्वांच्या मागून यायची, तो तिचीच वाट पाहतो आहे. दंतवैद्यबाईंनीही मान डोलावली. तिची धाप त्या दहा जणांना ठाऊक होती. कुत्र्यालाही होती.

मलाही तिने एकदा सांगितले होते. वर्तमानपत्र खाली न ठेवता मी तिला वजन कमी करण्यास सुचवले.

सर्वजण माझ्याकडे पाहत होते. मी गेलो आणि त्याला मारले. दोनदा. तो ओरडलाही नाही. त्याने फक्त वाटेवरून नजर काढून माझ्याकडे पाहिले. ती नजर घरात नको, म्हणून अंगण शोधले.

दंतवैद्यबाईंना आज नकार कळवला. मंडळाची क्षमा पुढच्या सहलीत, सर्वांसमक्ष मागेन. साहेबची कशी मागतात, ते मला कळत नाही. मी हात पुढे केला की तो अजून मान आकसून घेतो.

काल आम्ही दोघेच वर गेलो. तो पुन्हा तसाच बसला. मी हाक मारली नाही. थोडे अंतर ठेवून शेजारी बसलो व वाटेकडे पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने तो आपण होऊन उठला. मग मीही उठलो.

उरला असेल तेवढा लोभ राहू दे.

तुझे बाबा