शनिवारचं पाणी

५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेली पाणी तपासायची पेटी आम्ही जिवापाड जपतो. शनिवारी अर्धी शाळा असते, म्हणून तेव्हाच ओढ्यावर जातो. बाटलीत बुडबुडा राहिला की प्राणवायूचा आकडा चुकतो, हे मी तुझ्याच थाटात ओरडून सांगते. वर्गात मला धाकटी आत्या म्हणतात. तुझ्या कारखान्याच्या खालच्या वळणावरही पाणी छान निघालं. बाबा म्हणाले, बहीण तिथे असताना घाण सुटेलच कशी. आमच्या अहवालावरून नगरपालिका त्या वळणावर मुलांना पोहायला जागा करणार आहे. धाकट्याने आत्तापासूनच घर डोक्यावर घेतलंय.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी,
बेडकी

११ फेब्रुवारी

चि. बेडकीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग हसू मावळलं. शनिवारी आमचा कारखाना बंद असतो. कापड धुतलेलं पाणी बुधवारी दुपारी ओढ्यात सोडतात. त्याला रंग नसतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. तपासणी माझ्याकडेच आहे. साहेबांना अनेकदा सांगितलं, त्यांनी कानाआड केलं. धाकट्याला तिथे उतरू देऊ नका. बुधवारी जा, हातमोजे घालून जा. हे मी सांगितल्याचं बाहेर कळलं तर माझी नोकरी जाईल. दादाला म्हणावं, बहिणीचं कौतुक जरा आवर.

माया असू दे.
आत्या

२ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बुधवारी गेलो. कारखान्याच्या वर पाणी चांगलं, खाली प्राणवायू जवळजवळ नाहीच. बाईंनी आमचीच चूक समजून पुन्हा तपासायला लावलं, तेच निघालं. पोहण्याची जागा रद्द झाली. नगरपालिकेच्या सभेत तुझ्या साहेबांनी विचारलं, की नेमका बुधवारच कसा सुचला. शनिवारी परीक्षा होती, अशी मी चक्क थाप मारली. घरी येऊन खूप रडले. तुझी नोकरी शाबूत आहे ना? लगेच कळव.

तुझ्या मायेची,
बेडकी

८ मार्च

चि. बेडकीस,
अ. उ. आ.

थाप माझ्यासाठी मारलीस, ते समजलं. पण तुमच्या आकड्यांवर लोक आपली पोरं पाण्यात सोडणार. तू खोटी पडलीस, तर आकडेही खोटे ठरतील. म्हणून मीच साहेबांना सांगून आले, की बुधवार मी सुचवला. त्यांनी दुपारीच टेबल रिकामं करायला लावलं. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू.

आता बाईंना खरं काय ते सांग, आणि माझं नाव घेऊन सांग.

लोभ वाढता ठेव.
तुझी आत्या